मायकन, जॉर्ज
(१८ जून १९२४ – १ जून २००५). अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू. जन्म इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे. उंची सहा फूट दहा इंच आणि डोळ्यांवर जाड चष्मा. असा धिप्पाड मुलगा खेळाच्या कामाचा नाही, असाच तेव्हाचा समज. डीपॉल विद्यापीठात प्रशिक्षक रे मेयर यांनी दोरीवरच्या उड्या, अगदी नृत्याचे धडेही देऊन त्यांना चपळ केले.

मिनीॲपोलिस लेकर्सकडून १९४९–५४ दरम्यान पाच विजेतेपदे. बास्केटखाली त्यांना आवरणे इतके अवघड, की १९५१ मध्ये तिथला पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करावा लागला. त्याआधी, २२ नोव्हेंबर १९५० रोजी, फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता धरून ठेवत लेकर्सना १९–१८ असे हरवले. त्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकन यांचे!

१९६७ मध्ये ते अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनचे पहिले आयुक्त झाले. तिचा लाल-पांढरा-निळा चेंडू त्यांचीच कल्पना.