रुपये, तोडे आणि लगड
आमच्या आजीच्या पेटीत चांदी तीन रूपांनी नांदत होती: राणीछाप रुपये, पायांतले तोडे आणि एक लगड. यांत भरवशाचे कोणते? १८९३ पर्यंत हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टांकसाळीत चांदी द्यावी, थोडी मजुरी भरावी, रुपये घ्यावेत. त्या साली सरकारने ती वाट बंद केली. पुढे चांदी घसरली, रुपया सावरला. १८९६ च्या दुष्काळात तोडे मोडणाऱ्या कुणब्याला त्याची झळ लागली. १९४० मध्ये उलटे झाले. नव्या रुपयात चांदी बारापैकी अकरा भागांऐवजी निम्मीच राहिली आणि जुना राणीछाप सरस ठरला. धातू तोच, पारडे मात्र सरकारच्या हुकुमाने फिरते. तिन्ही रूपे एकत्र जपणारी आजी हे न वाचताच जाणत असावी, असे मला वाटते.