ब्लँकची नळी

ऑक्टोबरची दुपार, रिसोड तालुक्यातलं केनवड. सुडी फोडलेली आहे, मळणी यंत्र दणदणतंय आणि कुटाराचा धुरळा तुमच्या नाकातोंडात जातोय. पोत्यातले चार सोयाबीन उचलून तुम्ही सहज तोंडात टाकता. कडवट, हिरवट चव जिभेवर पसरते. "कच्चे नोका खाऊ भाऊ, पोट दुखीन," पोतं शिवणारे काका दाभण न थांबवता म्हणतात.

काकांचं बरोबर आहे. उद्या हा माल बाजार समितीत जाईल. व्यापारी मूठभर दाणे मॉइश्चर मीटरमध्ये ओतेल, माती-काडी बघेल आणि भाव सांगेल. पोट दुखवणारी जी गोष्ट दाण्यात आहे, तिचं माप तिथं कुणी घेत नाही. ते माप घेताना बघायचं, तर १९५५ सालात चला.

आजूबाजूचं शिवार बदललं. सोयाबीन गेलं, ज्वारी, पऱ्हाटी आणि मधल्या तासांत तूर उभी आहे. वाशीम जिल्हा अजून झालेला नाही. गाव अकोला जिल्ह्यात, अकोला मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. म्हणजे तुम्हाला मुंबई गाठायची, तर परराज्यात जायचंय. अकोल्याहून गाडी आहे. पण वाटेत १९१३च्या बर्लिनला उतरून घेऊ. काळात फिरणाऱ्याला तिकीट कोण विचारतंय!

इथं एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन साखरेच्या पाण्यात इन्व्हर्टेज हे एन्झाइम घालून बसले आहेत. एन्झाइम दिसत नाही, वजन करावं एवढं शुद्ध हाती येत नाही. त्यानं किती साखर फोडली, एवढंच पोलॅरिमीटरमधून कळतं. मेंटेनबाई ठरलेल्या मिनिटाला नमुना काढतात आणि त्यात अल्कली टाकतात. क्रिया जागीच थांबते. त्यांचं सगळं लक्ष पहिल्या काही मिनिटांवर आहे. का, ते केनवडच्या माणसाला सांगायला नको. सोंगणारी जोडी कशी चालते हे रान उभं असतानाच कळतं; शेवटच्या दोन ओळी उरल्यावर चपळ आणि संथ सारखेच दिसतात. साखर संपत आली, की एन्झाइमचंही तेच होतं. म्हणून सबस्ट्रेट, म्हणजे फोडायचा पदार्थ, भरपूर द्यायचा, मोजायचं सुरुवातीला आणि मोजायचा तो वेग. चला, गाडीत बसा.

मुंबई. काळ्या घोड्याजवळची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, जाड दगडी भिंती, आत उकाडा. जीवरसायनशास्त्राचं काम इथं कमला सोहोनी बघतात. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगळुरूला सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवलाच. पुढं केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवून १९३९मध्ये पीएच. डी. झाल्या. रामन यांच्या नकाराची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. कमलाबाईंच्या वालाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

कारण १९५५मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत छापलं ते वाल आणि डबल बीनबद्दल. आपल्या स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन प्रथिनं तोडतं. या दाण्यांत एक असं प्रथिन आहे, जे त्या ट्रिप्सिनलाच धरून ठेवतं. त्यांनी ते स्फटिकरूपात वेगळं काढलं. सोयाबीनमधलं तसलंच प्रथिन दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी स्फटिकांत उतरवलं होतं. सोयाबीन शिजवल्यावर उंदीर नीट वाढतात हे तर ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी १९१७मध्येच पाहिलं होतं. पण उंदीर वाढवायला आठवडे लागतात. या टेबलावरच्या मापाला वीस मिनिटं पुरतात.

टेबलाशी उभा असलेला एम. एस्सी.चा मुलगा माझ्या कल्पनेतला आहे. तो करतोय ती पद्धत मात्र कुनिट्झची. तो तुमच्या हातात काचेची पिपेट देतो. तोंडानं ओढायची, त्या काळी सगळे तसंच करतात. लक्ष रेघेवर ठेवा. रॅकमध्ये परीक्षानळ्या आहेत. प्रत्येकीत ट्रिप्सिन सारखंच, वालाचा अर्क मात्र चढत्या मापानं, आणि उरलेली जागा बफरनं भरून काढलेली. दोघांची गाठ पडायला थोडी उसंत द्या. मग १ मिलिलिटर केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन. पहिल्या नळीत घातलंत, की स्टॉपवॉच दाबा. अर्ध्या मिनिटानं दुसरी, आणखी अर्ध्यानं तिसरी. नळ्या अंगाइतक्या कोमट पाण्यात उभ्या राहतात. विसावं मिनिट आलं, की कुणीही, अगदी सरांनी हाक मारली तरी, वळायचं नाही. कारण विसाव्या मिनिटाला पहिल्या नळीत ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पडायला हवं, साडेविसाव्याला दुसरीत, असं ओळीनं. अ‍ॅसिड पडताच न तुटलेलं केसीन पांढरं होऊन खाली बसतं. तुटलेले तुकडे पाण्यातच राहतात. गाळून घ्या; खालचं निवळ पाणी स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये. २८० नॅनोमीटरला ते जितका प्रकाश शोषेल, तितकं केसीन तुटलं.

आता रॅकच्या टोकाची नळी. तिच्यातही सगळं तेच आहे, फक्त अ‍ॅसिड आधी आणि ट्रिप्सिन मागून. म्हणजे तिथं काहीच घडायला नको. तरी रीडिंग शून्य येत नाही! केसीनमध्ये आधीपासून थोडे तुकडे असतात, वालाचा अर्कही थोडा प्रकाश खातो. हे ब्लँक. प्रत्येक आकड्यातून ते वजा करायचं. नवशिके ते टाळतात आणि मग वालाच्या गुणावर खुशाल निबंध लिहितात. वजाबाकी झाली, की अर्क जितका जास्त तितकं रीडिंग कमी, आणि आलेखाची रेघ खाली उतरते. तिच्या उतारावरून सांगता येतं, की एक ग्रॅम वाल किती ट्रिप्सिन अडवतो. न घडलेल्या गोष्टीला आकडा मिळाला.

पुढच्या रॅकमध्ये उकळलेल्या वालाचा अर्क आहे. रेघ जवळजवळ आडवी. भिजवून, शिजवून खाणाऱ्या घरांनी काय साधलं होतं, ते कागदावर आलं.

आता तुमच्या काळात या, पण गावात नाही. सोयाबीनचं तेल काढून डीओसी, म्हणजे उरलेली पेंड, तयार करणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या लॅबमध्ये. कोंबड्यांच्या खाद्याला हा माल जायचाय, म्हणून तो पुरेसा भाजला गेलाय का हे पाहायचंय. दर घाणीला ट्रिप्सिनची चाचणी कोण करत बसणार? दाण्यात युरिएज नावाचं आणखी एक एन्झाइम आहे आणि उष्णतेनं ते साधारण ट्रिप्सिन अडवणाऱ्या प्रथिनाच्याच जोडीनं मरतं. म्हणून मोजतात युरिएज. ०.२ ग्रॅम भुकटी, युरिया घातलेलं १० मिलिलिटर बफर, ३० अंश, ३० मिनिटं. युरिया फुटून अमोनिया झाला, की पीएच चढतो. शेजारच्या नळीत तीच भुकटी, तेच बफर, फक्त युरिया नाही. ब्लँक इथंही आलंच. दोन्ही पीएचमधला फरक साधारण ०.०५ ते ०.२ आला, तर माल चालतो. जास्त आला, तर कच्चा.

आणि शून्य आला, तर? तुम्ही खूश होता, केमिस्ट होत नाही. माल नेमका भाजला, तरी शून्य येऊ शकतो आणि करपला, तरी शून्यच. करपलेल्या डीओसीतलं लायसिन साखरेशी जखडून जातं आणि ते खाऊन पिल्लं खुरटतात. एन्झाइम मेल्यावर पुढं काय झालं, ते युरिएज सांगू शकत नाही. केमिस्ट तोच नमुना पुन्हा तोलतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ढवळायला ठेवतो, त्यातलं प्रथिन किती टक्के विरघळतं ते पाहायला.