रात्री येणारा टोर्नेडो: अंदाज कसा बांधतात आणि झोपण्याआधी काय तपासायचं?

माझी मावसबहीण अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला राहते. वसंतात आभाळ भरून आलं की तिचा मेसेज ठरलेला: "आज झोपू की जागी राहू?" चला, याचं उत्तर नीट बघूया.

रात्री धोका का टिकतो?
सूर्य मावळल्यावर जमीन थंड होते आणि बरीच वादळं विरतात. पण टेनेसी, अलाबामाकडे रात्री साधारण एक किलोमीटर उंचीवर दक्षिणेकडून जोरदार वारा वाहू लागतो. हा लो-लेव्हल जेट. तो आखातातली दमट हवा आणत राहतो. शिवाय उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलते, म्हणजेच विंड शिअर वाढतो. वादळाला गरगर फिरवतो तो हाच.

अंदाज कसा बांधतात?
ओक्लाहोमातलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर धोक्याच्या पाच पायऱ्या सांगतं: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. एचआरआरआर हे मॉडेल दर तासाला नवा अंदाज काढतं, तेही ३ किलोमीटरच्या चौकटींत. खरी गोची जमिनीलगतच्या थंड थराची. तो जाड असेल तर वादळ वरच्यावर राहतं; पातळ असेल तर टोर्नेडो जमिनीपर्यंत पोचू शकतो. तुमच्या गल्लीत येईल का, हे संध्याकाळी कोणीच सांगू शकत नाही.

वॉच आणि वॉर्निंगमधला फरक
वॉच म्हणजे पुढचे काही तास परिस्थिती पोषक आहे, तयारीत राहा. वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरकी दिसली किंवा कोणी टोर्नेडो पाहिला. लगेच आसरा घ्या. तेव्हा हातात बहुतेक वेळा काही मिनिटंच असतात.

३ मार्च २०२० ला मध्यरात्रीनंतर नॅशव्हिलमध्ये टोर्नेडो आला. तेच वादळ पूर्वेला सरकलं आणि पुटनम काउंटीत दोनच्या सुमारास १९ जणांचा जीव गेला. बहुतेक लोक झोपेत असण्याची ती वेळ.

झोपण्याआधी हे करा
• फोनमधले इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत आणि सायलेंटवरही वाजतात ना, ते तपासा.
• बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ उशाशी ठेवा.
• सायरनच्या भरवशावर राहू नका. तो घराबाहेरच्या लोकांसाठी असतो.
• तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली ठरवा. तिथे बूट आणि टॉर्च ठेवा.
• मोबाइल होममध्ये राहत असाल तर वॉच लागताच पक्क्या इमारतीत जा.

बहिणीला मी हेच कळवतो: झोप, पण तुला उठवणारं काहीतरी जागं ठेवून.