पाव फेऱ्याची झडप आणि २३ ऑक्टोबर १९८९

२३ ऑक्टोबर १९८९ च्या दुपारी टेक्सासमधील पासाडेना येथे प्लास्टिकच्या एका कारखान्यात भीषण स्फोट झाला. (कॅलिफोर्नियातील पासाडेना निराळे, हे ह्यूस्टनच्या जहाजी कालव्याकाठचे.) २३ कामगार मृत्युमुखी पडले, शंभराहून अधिक जखमी झाले. चौकशी अखेर एका बॉल व्हॉल्व्हपाशी येऊन थांबली. ती झडप फुटली नव्हती, गळली नव्हती, अडकलीही नव्हती. हा धागा तिचा आहे.

बॉल व्हॉल्व्हची रचना घरातल्या नळकामात अनेकांनी पाहिलेली असते. आत धातूचा गोळा आणि त्या गोळ्याला आरपार भोक. भोक पाइपच्या रेषेत आले की प्रवाह सुरू. पाव फेरा दिला की बंद. तत्त्व फार जुने आहे. रोमन नळकामातील कांस्याच्या तोट्याही आरपार भोक पाडलेली खुंटी फिरवूनच उघडत.

प्रश्न गोळ्याचा नव्हता, तो ज्यावर टेकतो त्या बैठकीचा होता. धातू धातूवर घासला की बारीक ओरखडे पडतात आणि वायूला तेवढी फट पुरते. तोडगा अनपेक्षित दिशेने आला. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँ कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकरणाच्या वायूंवर काम करीत असता त्यांच्या हाती एक गुळगुळीत पांढरी भुकटी लागली. तीच पुढे टेफ्लॉन झाली. महायुद्धात युरेनियमच्या अतिसंक्षारक वायूला तोंड देण्यासाठी ती अणुबॉम्ब प्रकल्पात वापरली गेली. १९५४ मध्ये हॉवर्ड फ्रीमन यांनी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे जेम्सबरी ही कंपनी स्थापन केली आणि मऊ बैठकीचा बॉल व्हॉल्व्ह कारखान्यांच्या रोजच्या वापरात रुळू लागला. घट्ट बंद होणे आणि झटकन बंद होणे हे दोन्ही गुण आता एकाच झडपेत आले.

पासाडेनाचा कारखाना फिलिप्स कंपनीचा. तिचेच रसायनशास्त्रज्ञ पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांनी १९५१ मध्ये कठीण पॉलिथिलीनचा मार्ग शोधला होता. (१९५८ साली अमेरिकेला वेड लावणारे हूला हूप याच प्लास्टिकचे.) येथे उंच, वळणदार नळीसारख्या रिअ‍ॅक्टरमध्ये इथिलीनपासून प्लास्टिकचे कण तयार होत आणि तळाच्या सहा उभ्या पायांत साचत. प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाशी एक बॉल व्हॉल्व्ह असे. या जागी गेट व्हॉल्व्ह बसवला असता तर त्याच्या तळाच्या खाचेत कण अडकून तो पुरता मिटला नसता. बॉल व्हॉल्व्हचे भोक पाइपइतकेच रुंद ठेवता येते, त्यामुळे माल विनाअडथळा खाली उतरतो. अभियंत्यांची निवड चुकीची नव्हती.

पायांत कधी प्लास्टिकची गुठळी बसे. मग वरची झडप बंद करून पाय सोडवायचा आणि गुठळी काढायची. २२ ऑक्टोबरला, रविवारी, तीन पायांचे काम सुरू झाले. सोमवारी चौथ्या क्रमांकाच्या पायातील गुठळीचा काही भाग निघाला, काही आतच राहिला. दुपारी एकच्या सुमारास सोडवलेल्या पायातून वायू उसळला. काही सेकंदांत रिअ‍ॅक्टरमधील जवळजवळ सर्व माल, सुमारे ३८ टन, बाहेर पडला. दोन मिनिटांच्या आत त्या ढगाने पेट घेतला.

तपासणीत झडप उघडी आढळली. हाताने फिरवायच्या बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपला समांतर असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद. अजाण माणसालाही ते कळते. ही झडप मात्र हवेच्या दाबावर फिरणारी होती. एका नळीतून हवा आली की उघडायची, दुसरीतून आली की मिटायची. त्या दोन नळ्या उलट जोडल्या गेल्या होत्या. कळ ‘बंद’वर असताना झडप उघडत होती! उलट जोडणी शक्य झाली, कारण दोन्ही नळ्यांची टोके सारखीच होती. शिवाय दुरुस्तीच्या वेळी नळ्या जोडायच्याच नाहीत असा नियम असूनही त्या जोडलेल्या होत्या, आणि झडपेला कुलूपबंद ठेवणारी कडी जागेवर नव्हती.

खरा दोष त्याहून खोल होता. उघड्या पाइपापुढे माणसे काम करीत असताना त्यांच्या आणि दाबाखालील ज्वलनशील वायूच्या मध्ये ही एकच झडप होती. कंपनीच्याच नियमानुसार तेथे दुसरी झडप किंवा पाइपचे तोंड बंद करणारी पोलादी चकती हवी होती. कारखान्यातील प्रत्यक्ष पद्धतीत ती गळाली होती. पाव फेऱ्यात मिटणारी झडप पाव फेऱ्यातच उघडते. तिचा गुण येथे उलटला.

भोपाळ (१९८४) आणि पासाडेना या दोन दुर्घटनांच्या छायेत अमेरिकेने फेब्रुवारी १९९२ मध्ये घातक रसायनांच्या प्रक्रियांसाठी सुरक्षाव्यवस्थापनाचा सक्तीचा नियम जारी केला. आज अशा जागेसाठी झडप निवडताना पाइपचा व्यास, दाब आणि तापमान एवढ्यावर भागत नाही. हवा बंद पडली तर ती उघडी राहील की मिटेल, आगीत टेफ्लॉन जळाल्यावर मागे धातूची बैठक उरेल का, तिला कुलूप लावता येते का, हेही विचारावे लागते. आणि नळ्यांची टोके वेगवेगळ्या मापाची आहेत का, हेही.