सिंगापुरातील स्त्रियांच्या खुणा

सिंगापूर पाहून आलेली मंडळी तेथील उंच इमारती, बाजार आणि बागा यांचे वर्णन करतात. परंतु त्या शहराचा खरा इतिहास जुन्या देवळांत आणि मशिदींत आहे, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे. भगिनींनो, तो फारसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

१८१९ साली इंग्रजांनी या बेटावर वखार घातली. मग चीन, मलाया, अरबस्तान आणि आपला हिंदुस्थान, सगळीकडून माणसे पोटासाठी तेथे आली. घरदार सोडून आलेल्याला आधी देव आठवतो. नारायण पिल्लै यांनी १८२७ साली मरिअम्मनचे देऊळ उभारले. प्रथम ते लाकडाचे व झावळ्यांचे होते. रोगराईपासून राखणारी ही देवी म्हणजे आपल्या मरीआईची बहीणच म्हणा ना! नव्याने आलेल्यांना त्या देवळात आसरा मिळे.

जवळच तेलोक आयेर रस्त्यावर चिनी लोकांचे थियान हॉक केंग देऊळ आहे. ते १८३९ ते १८४२ या काळात बांधले. येथील माझू ही समुद्राची देवी. मूळची ती कोळ्याची मुलगी, अशी कथा आहे. वादळातून सुखरूप आलेले लोक आधी तिच्या पाया पडत. तेव्हा लाटा देवळापुढे येत. पुढे भर घालून समुद्र मागे हटविला. त्याच रस्त्यावर दक्षिण हिंदुस्थानी मुसलमानांचा नागोर दर्गा आहे. असा हा शेजार!

या झाल्या देवी. आता हाडामांसाच्या बायका पाहू. हाजी फातिमा ही मलाक्क्याची व्यापारी स्त्री. तिच्या घरावर दरोडा पडला, घर जाळले गेले. पण ती वाचली. त्या उपकाराची फेड म्हणून तिने त्याच जागी मशीद बांधविली. ती १८४६ साली पुरी झाली. तिचा मनोरा किंचित कलला आहे, तो पाहायला लोक मुद्दाम जातात.

पुढे चीनच्या सामसुई भागातील बायका आल्या. १९३३ साली सरकारने बाहेरून येणाऱ्या पुरुषांवर बंधन घातले, बायकांवर नाही. तेव्हा त्या पुष्कळ आल्या. डोक्याला लाल फडके बांधून त्यांनी माती वाहिली, विटा वाहिल्या, आणि पोटाला चिमटा घेऊन घरी पैसे पाठविले.

ऑक्टोबर १९४३ मध्ये याच शहरात आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पलटणीची छावणी सुरू झाली. कॅप्टन लक्ष्मी तिच्या प्रमुख होत्या. रबराच्या मळ्यांतील कष्टकरी घरांच्या मुलींनी हाती बंदूक घेतली. तांब्यांच्या घरी जन्मलेल्या आपल्या राणीचे नाव समुद्रापार असे जागले.

फातिमाचे नाव मशिदीवर राहिले, कारण तिच्यापाशी पैसा होता. विटा वाहणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याच भिंतीवर नाहीत. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? गावच्या देवळासाठी, शाळेसाठी कोणत्या बाईने पाटल्या दिल्या, कोणी पाणी वाहिले, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून लिहून ठेवावे. मंडळाची स्मरणिका त्यासाठीच तर असते.