नोंदवहीत नाव लिहू नका

छत्री दारातच झटका, नाहीतर ग्रंथपाल ओरडतील. इंदूर, साल १९१०, महिना श्रावणाचा. कृष्णपुऱ्याच्या पुलाखालून खान नदी गढूळ होऊन धावते आहे. पलीकडे होळकरांच्या छत्र्यांचे दगड भिजून काळे पडलेत. तुम्ही उपरणं पिळता, पगडी सावरता आणि माडीवरच्या छोट्याशा वाचनालयात शिरता. मधल्या टेबलावर एकच ‘केसरी’ आहे आणि त्यावर चार डोकी. संपादक टिळक दोन वर्षांपासून मंडालेच्या तुरुंगात, तरी अंक आला की खुर्चीसाठी भांडण ठरलेलं.

“काय देऊ?” ग्रंथपाल चष्म्यावरून पाहतात.

“निबंधमाला. शेवटचा खंड.”

ते थोडं थांबतात, मग उठतात. खंड येतो, बांधणी शाबूत, पाठीवर सोनेरी अक्षरं. तुम्ही शेवटाकडून उघडता, कारण तुम्हाला चिपळूणकरांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध हवा आहे. तिथे पानंच नाहीत. शिवणीपाशी कागदाच्या बारीक कडा तेवढ्या उरल्यात.

“उंदरांनी खाल्ली,” ग्रंथपाल म्हणतात.

“पट्टी लावून?”

ते हसत नाहीत. चिपळूणकरांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. माणूस हयात असताना कुणी ज्याला हात लावला नाही, तो निबंध यंदा सरकारजमा झाला आहे. मागच्या डिसेंबरात नाशकात, विजयानंद थिएटरात, ‘शारदा’चा प्रयोग पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. तिथून पुढे सरकारला प्रत्येक पुस्तकात पिस्तूल दिसू लागलं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. महाभारतातल्या कीचकात लोक कर्झनसाहेबाला पाहतात, असा आरोप. (लोक पाहतच होते, तो भाग वेगळा.) फेब्रुवारीत नवा प्रेस कायदा आला. गॅझेटात एक जाहीरनामा छापायचा, की त्या पुस्तकाची प्रत्येक प्रत बादशहाच्या मालकीची. न्यायाधीशापुढे आधी काही सिद्ध करायची गरज नाही. ज्याला दाद मागायची, त्याने मागून हायकोर्टात जावं.

पण इंदूर ब्रिटिश मुलखात कुठे आहे, असं तुम्ही म्हणणार. पुण्यात जप्त झालेलं इथे का चालू नये? बसा जरा, इथेच मेख आहे. शिवाजीराव होळकर १९०३ साली गादीवरून उतरले. तुकोजीराव तिसरे अजून अल्पवयीन, कारभार रीजन्सी कौन्सिलकडे, आणि कौन्सिलच्या डोक्यावर इंग्रज रेसिडेंट. गेल्या ऑगस्टात व्हाइसरॉय मिंटोने मोठ्या संस्थानिकांना पत्रं धाडून राजद्रोह कसा आवरायचा ते विचारलं. आणि टपाल? होळकरांची स्वतःची तिकिटं होती, स्वतःची डाकव्यवस्था होती. १ मार्च १९०८ पासून ती इंग्रजांच्या टपालात विरली. आता पुण्याहून निघालेलं बुकपोस्ट खंडव्याला गाडी बदलून मीटरगेजने घाट चढत इथे येतं, ते सबंध वाट इंग्रजांच्याच थैलीतून. थैली कुणाची हे कळलं, की बाकीचं सांगावं लागत नाही.

ग्रंथपालांचा राग मात्र कायद्यावर नाही. ते नोंदवही पुढे ओढतात. दाखल क्रमांक, ग्रंथाचं नाव, नेल्याची तारीख, नेणाऱ्याची सही.

“पुस्तक जाळता येतं,” ते हळू आवाजात म्हणतात. “ही वही कशी जाळू? पानांना आकडे आहेत. उद्या कुणी विचारलं की हा खंड गेल्या दोन वर्षांत कोणी कोणी नेला, तर माझ्याच अक्षरात सगळी नावं आहेत. मास्तर, वकील, दफ्तरातले कारकून. मी पानं कापली ती इंग्रजांसाठी नाही, या नावांसाठी.”

तुम्ही टाक उचलता. ते तुमचं मनगट धरतात. “इथेच वाचा. नाव लिहू नका.”

रात्री एका वाड्याच्या तिसऱ्या माळ्यावर तुम्हाला बोलावणं आहे. कंदिलाची वात कमी केलेली. हातात पडतं ते डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’चं वेष्टन, आणि आत सावरकरांचा १८५७चा इतिहास. हे पुस्तक लंडनमध्ये मराठीत लिहिलं गेलं, छापून बाहेर पडायच्या आधीच त्यावर बंदी आली, आणि अखेर हॉलंडमध्ये इंग्रजीत छापलं गेलं. म्हणजे एका मराठी माणसाने मराठीत लिहिलेलं तुम्ही इंदुरात इंग्रजीतून, डिकन्सच्या आडून वाचताय. मूळ हस्तलिखित पुढे गोव्याचे डॉ. कुटिन्हो अमेरिकेत जवळपास चाळीस वर्षं सांभाळणार आहेत, हे अजून कुणाला ठाऊक नाही. बडोद्याकडे तर याहून वरकडी. नरसिंहभाई पटेलांनी गुजरातीत ‘वनस्पतीनी दवाओ’ काढलं. मुखपृष्ठावर झाडपाला, आत बॉम्ब.

वाचता वाचता तुमच्या ओळखीचा रस्ता लागतो. १ जुलै १८५७, इंदूरच्या रेसिडेन्सीवरचा हल्ला, सादत खान आणि त्याच्या तोफा. या वाड्यातले म्हातारे ही गोष्ट कुजबुजत सांगत आले आहेत. सादत खान सतरा वर्षं सापडला नाही आणि १८७४ साली त्याला त्याच रेसिडेन्सीत फाशी दिलं. खिडकीची फळी सारून पाहा: चांदण्यात छत्री दिसते ती तुकोजीराव दुसऱ्यांची. त्या दिवशी महाराज नक्की कुणाच्या बाजूने होते, याचा वाद इंग्रजांतही होता आणि गावातही. पुस्तकावर बंदी, पण छत्री उघड्यावर. रोज शेकडो माणसं तिच्यासमोरून भाजी घेऊन जातात.

आता वेगाने या. १९३७, मुंबई इलाख्यात काँग्रेसचं मंत्रिमंडळ, चिपळूणकर मोकळे. १९४६, सावरकरांचा इतिहासही मोकळा. कापलेली पानं मात्र कुणी परत शिवत नाही.

डिसेंबर २०२२. पगडी काढा, मफलर गुंडाळा. या थंडीत इंदुरातल्या शासकीय नवीन विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकावरून गदारोळ उठला आहे. विषय सामूहिक हिंसा आणि फौजदारी न्याय, तक्रार अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेची, म्हणणं असं की मजकूर हिंदूंविरुद्ध द्वेष पसरवतो. भंवरकुआँ ठाण्यात गुन्हा दाखल. लेखिकेवर, प्रकाशकावर, आणि प्राचार्यांवरही. मजकूर कसा होता यावर तुमचं माझं दुमत होईल. पण ज्याच्या कपाटात पुस्तक सापडलं तोही आरोपी, हे वाचून मला पहिल्यांदा त्या माडीवरच्या वहीची आठवण झाली.

आणि काय योगायोग पाहा, प्राचार्यांच्या बाजूने उभी राहिली ती नोंदच. पुस्तक २०१४ साली खरेदी झालेलं, ते प्राचार्य झाले २०१९ साली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठाने प्राचार्यांवरचा हा गुन्हा निव्वळ हास्यास्पद ठरवून रद्द केला. पण तोवर दीड वर्ष उलटलं होतं. त्या दीड वर्षात गावोगावच्या किती ग्रंथपालांनी आपली कपाटं गुपचूप एकदा चाळून पाहिली असतील, याची नोंद कुठल्याच वहीत सापडायची नाही.

पुलावर परत आलात? पोहे-जलेबीच्या गाडीपाशी गर्दी आहे, छत्र्यांवर दिवे सोडलेत. तुम्ही एका वाचनालयाचा जिना चढता. पोरगेलासा ग्रंथपाल संगणकावर बोट ठेवून म्हणतो, “काका, कोणतं पुस्तक शोधून राहिलात?”

तुम्ही नाव सांगता. तो टाइप करतो. “आहे. कार्ड द्या.”

तुमचा हात खिशापर्यंत जातो, आणि तिथेच जरासा थांबतो.