बिब्बा, हुळगिरी आणि गाजरगवत : कोल्हापूरच्या रानातील त्वचादाहाचा इतिहास

पश्चिमेस गगनबावड्याची अतिपावसाची राने आणि पूर्वेस शिरोळकडील कमी पावसाचा भाग अशी कोल्हापूर जिल्ह्याची ठेवण असल्यामुळे, अंगावर फोड आणणाऱ्या एकाच कुळातील दोन झाडांशी येथील माणसाचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला : पानझडी रानातील बिब्बा आणि ओल्या जंगलातील हुळगिरी, म्हणजेच रानबिब्बा. आंबा आणि काजूही याच कुळातले असून, अमेरिकेत कुप्रसिद्ध असलेली ‘पॉयझन आयव्ही’ ही विषारी वेल त्यांचीच नातलग आहे.

बिब्ब्याच्या फळाच्या सालीतील काळे, दाहक तेल अंगाला लागून तेथे सूज, खाज व पाणभरले फोड आले, की ‘बिब्बा उतला’ असे म्हणतात. हे झाड केवळ भयाचे मात्र कधीच नव्हते. संस्कृतात त्यास भल्लातक म्हणतात आणि चरकसंहितेच्या रसायनप्रकरणात त्याचे कल्प दिलेले आहेत. वैद्य मात्र ते शोधन केल्यावाचून, म्हणजे विटेच्या भुकटीत घासून त्यातील दाहक तेल कमी केल्यावाचून, वापरीत नसत. घरोघरी तापवलेल्या सुईने टोचून निघालेले बिब्ब्याचे तेल टाचेच्या भेगेत भरीत, फळातील बीचा गर, म्हणजे गोडंबी, डिंकाच्या लाडवात घालीत, आणि उतल्यास खोबरेल किंवा तूप लावीत. हाताळणाऱ्याने आधीच हाताला तेल चोळून घेण्याची रीत हा या परंपरेतील सर्वांत मोलाचा भाग होय, कारण विषाची ओळख व त्यापासूनचा बचाव ही दोन्ही कामाच्या रीतीतच सामावलेली होती.

परिटांनी कपड्यांवर खुणा करण्यासाठी वापरलेल्या बिब्ब्याच्या रसामुळे हा त्रास परदेशी लोकांपर्यंतही पोहोचला. चुन्याशी मिळताच हा रस काळा होतो व धुण्याने जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या परदेशी सैनिकांच्या अंगावर नेमक्या खुणेच्या जागी चट्टे उठू लागले आणि 1943 मध्ये डॉक्टरांनी ‘धोबीखुणेचा त्वचादाह’ म्हणून त्याची नोंद केली. त्यामागील कारण आता स्पष्ट आहे. तेलातील द्रव्ये त्वचेतील प्रथिनांना चिकटतात, शरीराची संरक्षक पेशीव्यवस्था त्यांना परके मानते, आणि एकदा अशी संवेदनशीलता निर्माण झाली की पुढील स्पर्शानंतर बहुधा एक ते तीन दिवसांत फोड येतात. फोडांतील पाण्याने चट्टे पसरतात ही समजूत खरी नाही. पसरते ते नखांत, कपड्यांत वा कोयत्यावर राहिलेले तेल. म्हणून लगेच साबण व भरपूर पाण्याने अंग आणि हत्यारे धुणे हाच पहिला उपाय ठरतो.

हुळगिरीविषयी लिहिले गेले फार थोडे, आणि ही उणीव खटकणारी आहे. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात लाकूडफाट्यासाठी हिंडणाऱ्यांना सालीवरचे काळे ओघळ आणि देठावरचे दोन मऊ काटेवजा अवयव ओळखता येणे अत्यावश्यक आहे.

बिब्बा व हुळगिरी यांच्या उलट, गाजरगवताशी येथील लोकांचा पूर्वपरिचय नव्हता. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे अमेरिकी तण काही दशकांतच दख्खनभर पसरले, आणि पारंपरिक औषधांच्या अनुभवाला त्यावर उतारा ठाऊक नव्हता. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य झाडाच्या सूक्ष्म वाळल्या कणांसह हवेतून येत असल्यामुळे झाडाला हात न लावताही पापण्या, मान आणि कोपरांच्या वळ्यांवर चट्टे उठतात. ऊन लागले की ते बळावतात. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी 1960 च्या दशकापासून अशा रुग्णांच्या नोंदी केल्या. मेक्सिकोतून आणलेला, पाने खाणारा भुंगा 1984 मध्ये बंगळूरजवळ सोडण्यात आला, तरी तण पूर्णतः आटोक्यात आले नाही. त्यामुळे शेतात फुलोऱ्यापूर्वी, पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे घालून ते उपटणे, आणि त्रास वाढल्यास घरगुती लेपांवर न थांबता त्वचारोगतज्ज्ञाकडून चाचणी व स्टेरॉइड मलमाचा सल्ला घेणे, हाच आजचा मार्ग आहे. डोळे सुजले वा श्वासास अडथळा आला, तर रुग्णास तातडीने दवाखान्यात न्यावे लागते.